घळीच्या ड्रोन सर्व्हेला पाचपैकी साडेतीन, अर्धा स्टार विहिरीच्या कठड्याने खाल्ला

सर्व्हिस कुणाची ते नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पोरं चांगली आहेत आणि चूक त्यांची जेवढी तेवढीच माझीपण. पण शेतातली माती किती वाहून जाते हे ड्रोनने मोजून देतो अशा जाहिराती आता फेसबुकवर रोज दिसायला लागल्यात, आणि मी दोनदा पैसे भरून दोनदा ड्रोन उडवून घेतलाय, तर म्हणलं लिहून टाकावं, कोणाचे तरी पैसे वाचतील.

आमचं रान संगमनेरच्या खालच्या अंगाला, प्रवरेपासून फार लांब नाही. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना सांगायला नको, नदीच्या दोन्ही बाजूला घळीच घळी, पिवळट मातीच्या उभ्या भिंती, मधेच चुनखडीच्या गोट्यांचे थर, तरवड आणि वेडी बाभूळ. आम्ही शाळेत ह्याला उत्खातभूमी शिकवतो (मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो) आणि पोरं पाठ करतात चंबळ, चंबळ. अरे बाबांनो चंबळ कशाला, खिडकीतून बाहेर बघा. नदीने हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेला गाळ आहे हा, मग नदीचं पात्र खाली गेलं आणि कडेचे ओघळ मागे मागे सरकत तो गाळ कुरतडत बसलेत, आजही. ह्याच प्रवरेच्या काठावर जोर्वे आहे, तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या गावाच्या नावाने अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा ह्या गाळावर कोणीतरी पेरत होतं. गंमत म्हणजे वर नदीच्या उगमाकडे रतनवाडी-घाटघरला पाऊस नुसता कोसळतो, भंडारदरा धरण त्याच जीवावर १९२६ पासून भरतंय, आणि गाडीने दोन-अडीच तास खाली आलं की आमच्याकडे वर्षाचा पाऊस कसाबसा पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो पडतो कसा ते बघायला पाहिजे. आठवडाभर नुसतं भुरभुर आणि मग एका संध्याकाळी पाऊण तासात सगळा राग काढतो, तेव्हा घळ लाल-पिवळी होऊन वाहते आणि सकाळी बांधाचा एक घास गेलेला असतो.

आमच्या चार एकर डाळिंबाच्या मागे अशी एक घळ आहे. आप्पा (चुलते, वय चौऱ्याहत्तर) म्हणतात त्यांच्या लहानपणी तिचं तोंड लिंबाच्या पलीकडे होतं, आता लिंब घळीत लोंबतोय. किती वर्षात किती सरकली? कोणालाच नक्की माहीत नाही. मोजायचं खूळ माझ्या डोक्यात तिथून शिरलं.

तर पहिला सर्व्हे मे महिन्यात केला. दोघं आले, पायलट दादा आणि त्याचा मदतनीस, वेळेवर आले हे आधी सांगतो, साडेसहा म्हणजे साडेसहा. सरकारी नकाशावर आमचा भाग हिरव्या झोनमध्ये (म्हणजे ड्रोनला मोकळ्या भागात) येतो का ते मोबाईलवर दाखवलं, उंचीची मर्यादा समजावली, बॅटऱ्या तपासल्या. एक घार दोनदा ड्रोनच्या अंगावर आली तर ड्रोन खाली घेऊन अर्धा तास थांबले, चहा घेतला, मग परत उडवला. ह्या बाबतीत पाचपैकी पाच. आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह आणि एक मोठी छापील शीट हातात. आणि ती शीट खरोखर बघत राहावी अशी आहे हो, दोन सेंटिमीटरला एक ठिपका, डाळिंबाचं झाड न् झाड, ठिबकची नळी, वाळत घातलेली गोधडी, सगळं. आप्पांनी चष्मा लावून बोट ठेवलं आणि म्हणले, ही बघ जुनी गाडीवाट, आता मधेच तुटलीये, पलीकडे परत सुरू होते. मला ती वाट जमिनीवर उभं राहून कधीच दिसली नव्हती. त्या एका क्षणासाठी नऊ हजार वसूल असं तेव्हा वाटलं.

दिवाळीनंतर दुसरा सर्व्हे. आता पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा पृष्ठभाग एकातून एक वजा करायचा की किती माती गेली ते कळतं, असा सरळ हिशोब. रिपोर्ट आला, रंगीत, लाल म्हणजे झीज आणि निळं म्हणजे भर. आणि आमचं सगळं रान लाल! घळ लाल, डाळिंब लाल, मारुतीच्या देवळाचा ओटा लाल, आणि विहिरीचा सिमेंटचा कठडा साठ सेंटिमीटर खाली गेलेला. मी फोन केला, म्हणलं दादा विहीर बुडाली का आमची? तो म्हणला, सर सॉफ्टवेअरने काढलंय. अरे सॉफ्टवेअरने काढलंय म्हणजे काय, कठड्यावर मी आत्ता बसून फोन करतोय.

आता ह्यात नक्की काय झालं ते नीट सांगतो, कारण ड्रोन बोलावणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी विचारायलाच पाहिजे. ड्रोनमधला साधा जीपीएस उंचीच्या बाबतीत मीटर-दोन मीटर सहज चुकतो. फोटो एकमेकांना जोडून जो पृष्ठभाग तयार होतो तो स्वतःच्या आत बरोबर असतो पण हवेत तरंगत असतो, त्याला जमिनीला खिळे मारावे लागतात. ते खिळे म्हणजे जमिनीवरचे पक्के ठोकळे किंवा खुणा, ज्यांची जागा आणि उंची चांगल्या मशीनने मोजलेली असते, त्यांच्या भाषेत जीसीपी. मे महिन्यात ह्यांनी ते लावलेच नव्हते, दिवाळीला लावले. म्हणजे एक फोटो तरंगता आणि एक जमिनीला बांधलेला, आणि दोघांची वजाबाकी. मीपण विचारलं नव्हतं, भूगोलाचा मास्तर असून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बरं, भांडण झालं पण पोरांनी मान्य केलं आणि परत एक पैसा न घेता डेटा नव्याने चालवला, हे कौतुकाने लिहितोय. कठडा, ओटा, रस्त्यावरची मोरी आणि उघडा काळा खडक, ह्या चार जागा न हलणाऱ्या धरून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसवले. तेव्हा कुठे चित्र शुद्धीवर आलं. तरी लक्षात ठेवा, एका सर्व्हेत पाच सेंटिमीटरची चूक आणि दुसऱ्यात पाच, तर वजाबाकीत दोन्ही चुका येतात, वर्गमुळाचा हिशोब करून सात सेंटिमीटरच्या आसपास, आणि मनात शंका नको असेल तर त्याच्याही दुप्पट. म्हणजे ढोबळमानाने टीचभरापेक्षा कमी फरक दिसला तर तो फरकच नाही असं समजून सोडून द्यायचा. ह्या दुरुस्त रिपोर्टात मात्र ‘सरासरी झीज ३.४ सेंमी’ असं ठणठणीत दशांशात छापलं होतं. मोजमाप टीचभर चुकतंय आणि आकडा मिलिमीटरमध्ये, वा रे वा.

दुसरी गंमत गवताची. मे मध्ये रान बोडकं असतं, नोव्हेंबरात कमरेएवढं गवत आणि तरवड फुललेला. ड्रोन वरून गवताचा शेंडा बघतो, जमीन नाही. त्यामुळे घळीच्या तळाला ‘४० सेंमी मातीची भर’ असा निळाशार पट्टा आला होता, मी जाऊन बघितलं तर मस्त कुसळीचं गवत, शेळ्या चरत होत्या. भर कसली, चारा आहे तो. म्हणून मे ची तुलना मे शीच करायची. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दिवाळीच्या सर्व्हेचे बारा हजार वाचले असते.

आणि उभ्या भिंती. ड्रोन सरळ खाली बघत उडवला की भिंतीचा चेहरा त्याला दिसतच नाही, आणि नेमकी भिंतच आमच्याकडे पडते. खालून पाणी पाय कुरतडतं, वर भेग पडते, आणि एक दिवस अख्खी फळी कोसळते. तिरका कॅमेरा लावून एक फेरी जास्त मारावी लागते, दुपारी बाराच्या आसपास, नाहीतर घळीत सावली. दुसऱ्या वेळेला मी हट्टाने मारून घेतली आणि तोच भाग सगळ्यात कामाचा निघाला. घळीच्या तोंडाशी भिंत एका पावसाळ्यात जवळजवळ दीड मीटर मागे आलीये, हे दोन्ही चित्रात डोळ्याने दिसतं, त्याला वजाबाकीचीपण गरज नाही. बाकी रिपोर्ट फाडून टाकला तरी चालेल, ही एक गोष्ट मी बांधाशी जाऊन टेपने ताडून बघितली आणि ती खरी आहे.

त्याच फेरीत एक प्रसंग झाला. मदतनीस पोरगा ठोकळा लावायला घळीच्या कडेने चालत होता आणि एकदम मांडीपर्यंत आत गेला. खड्डा नाही, खालून पोकळ. वर टणक कवच आणि आत पाण्याने केलेलं भुयार, जे खाली भिंतीतून बाहेर पडतं. त्याला काही लागलं नाही, बूट तेवढा आत राहिला, काठीने काढला. वर तरवडाचं झुडूप होतं त्यामुळे ड्रोनच्या दोन्ही फोटोत तिथे काहीच दिसत नाही. आप्पा म्हणले, “त्या तिथं दरसाल भोक पडतंय, मला इचारायचं ना.” आता बोला. खरंय, आम्ही बारा हजार देऊन वरून शोधत होतो आणि माहिती ओट्यावर बसून तंबाखू मळत होती.

ही भुयारं का होतात ते घरी बघता येतं. घळीच्या भिंतीतलं हरभऱ्याएवढं ढेकूळ घ्या, काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, ढेकूळ हळूच सोडा आणि हात लावू नका. आमच्या ढेकळाभोवती दहा मिनिटात दुधासारखं धुकं पसरलं, दोन तासात तळ दिसेना. वरच्या डाळिंबातलं ढेकूळ ढासळलं पण पाणी स्वच्छच राहिलं. म्हणजे घळीतली माती नुसती फुटत नाही, पाण्यात विरघळल्यासारखी सुटी होते, म्हणून पाणी भेगेतून शिरलं की आतून घेऊनच जातं. हां, बोअरचं पाणी वापरू नका, त्यात क्षार असतात, मी पहिल्यांदा तेच वापरलं आणि धुकं काही येईना, वाटलं आपली माती लय भारी.

आता ह्या सर्व्हिसवरचा माझा खरा आक्षेप. ह्यांचं पॅकेज गट नंबरवर असतं. तुमचा गट नंबर द्या, हद्द टाकतात, हद्दीच्या आतलं उडवतात, हद्दीवर रिपोर्ट कात्रीने कापल्यासारखा संपतो. पण घळ काय सातबारा वाचून वाहते का? आमच्या वर शेजाऱ्याने गेल्या वर्षी त्याच्याकडच्या दोन घळी जेसीबीने बुजवून सपाट केल्या आणि ऊस लावला. इकडे सगळीकडेच हे चाललंय, घळी बुजवा आणि रान करा, आणि त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही, आमचं डाळिंबपण आजोबांनी अशीच जमीन सपाट करून लावलंय. पण बुजवलेल्या घळीतलं पाणी कुठेतरी जाणारच, ते आता एका सिमेंटच्या नळीतून बाहेर पडतं आणि नळीचं तोंड बरोबर आमच्या घळीच्या डोक्यावर. भिंत दीड मीटर का मागे आली त्याचं उत्तर आमच्या हद्दीच्या बाहेर बारा पावलांवर होतं, आणि रिपोर्टात ती बारा पावलं पांढरी.

म्हणून दुसऱ्या वेळेला मी भांडून पाणी जिथून जिथून ह्या घळीत येतं तो सगळा तुकडा उडवायला लावला, साधारण चाळीस एकर, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन (दोन घरी चहा, एका घरी शिव्या). आणि मग मजा आली. कारण मग दिसतं की हे सगळं एकच प्रकरण आहे. उसाचे, डाळिंबाचे, पडीक कुरणाचे तुकडे, त्यांच्यामधून जाणारे घळीचे पट्टे, शेळ्यांच्या वाटा. कार्ल ट्रोल नावाच्या जर्मन भूगोलकाराने १९३९ मध्ये विमानातून काढलेले फोटो बघून ‘लँडस्केप इकॉलॉजी’ हा शब्द काढला, तो मी पोरांना दरवर्षी एका वाक्यात उरकायचो. त्या शीटसमोर बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की माणसाला हा शब्द वरून बघतानाच का सुचला असेल. शेळ्यांची वाट उताराला सरळ खाली येते आणि तीच पुढे ओघळ होते, हे त्या एका फोटोत तीन ठिकाणी दिसतं. जिथे वाटेला तरवडाचं बेट आडवं आलंय तिथे ओघळ थांबलाय. जी भिंत ताजी पडलीये, म्हणजे आमच्या दृष्टीने नुकसान, त्याच उभ्या मऊ भिंतीत वेड्या राघूंची बिळं आहेत, मे मध्ये मोजली तर चौदा. जुन्या, झिजून उतार झालेल्या भिंतीला ते ढुंकून बघत नाहीत. आणि कोल्ह्याची विष्ठा, साळींदराचे काटे, सगळं घळीच्या पट्ट्यात. दिवसा लपायला आणि एका उसातून दुसऱ्या उसात जायला त्यांना तोच झाकलेला रस्ता उरलाय. बिबट्यापण तिथूनच जातो असं सगळे म्हणतात, मी ठसे बघितलेत, बाकी बघायची हौस नाही. म्हणजे माती अडवा म्हणून मी घळ सरसकट बुजवायला निघालो तर आणखी कोणाकोणाचं घर-रस्ता जाणार, हेपण त्याच नकाशात आहे. फक्त ‘धूप टन प्रति हेक्टर’ असा एक रकाना असलेल्या रिपोर्टात नाहीये.

फुकट पर्याय विचारणाऱ्यांसाठी. गूगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर फुकट आहे, त्यात जुन्या तारखांचे फोटो मागे मागे सरकवून बघता येतात, शेजाऱ्याच्या घळी कधी गायब झाल्या ते मला तिथेच कळलं. सेंटिनेल-२ ह्या युरोपच्या उपग्रहांचे फोटो दर पाच दिवसाला मिळतात पण त्यांचा एक ठिपका दहा मीटरचा, आमची घळ तोंडाशी तीन-चार मीटर रुंद, म्हणजे ती त्यात दिसणारच नाही. पण कुठे ऊस आला, कुठे रान उघडं पडलं हे छान कळतं. इस्रोच्या भुवन ह्या नकाशांच्या साईटवरपण एकदा बघा.

आणि सगळ्यात स्वस्त तंत्र मी स्वतः केलं, दहा मिलिमीटरची सळई, दोन-दोन फुटांचे तुकडे, तीस नग, उतारावर ठोकले आणि वरचं टोक जमिनीपासून किती बाहेर आहे ते मे मध्ये आणि पावसाळ्यानंतर मोजलं. सहा सळया कोणीतरी उपटून भंगारात घातल्या, म्हणून नंतर लाल रंग दिला आणि वर शेंदूर लावला, तेव्हापासून एकही चोरीला गेली नाही. उघड्या उतारावर पाच-सहा मिलिमीटर माती गेलीये, तरवडाखाली उलट दोन मिलिमीटर साठलीये. पाच-सहा मिलिमीटर म्हणजे काय असं वाटतं ना? एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा घनमीटर, म्हणजे तेरा-चौदा टन माती. करा गुणाकार. आणि ही झीज ड्रोनला कधीच दिसली नसती, कारण ती त्याच्या चुकीच्या आतच बसते. सळईला भिंत कोसळलेली कळत नाही (भिंतीबरोबर सळईपण जाते, माझ्या दोन गेल्या), ड्रोनला चादरीसारखी निघालेली माती कळत नाही, आणि भुयार दोघांनाही कळत नाही, ते आप्पांना कळतं.

सोबत सहाशे रुपयांचं प्लास्टिकचं पर्जन्यमापक आहे, तालुक्याचा आकडा आपल्या रानाला लागू पडत नाही म्हणून. आप्पा रोज साडेआठला वाचून कॅलेंडरवर लिहितात, गॅस आणि दुधाच्या हिशोबाच्या मधे.

तर घ्यावी का ही सर्व्हिस? एकदाच उडवणार असाल तर घेऊ नका, सुंदर फोटो मिळेल, भिंतीवर लावाल, बस. निदान तीन वर्षं दर मे ला उडवायची तयारी असेल, सात-आठ सिमेंटचे ठोकळे आधी स्वतः गाडून त्यांची उंची पक्की मोजून घेणार असाल, आणि पाणलोटातल्या चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून खर्च वाटला असेल तर जरूर घ्या, माणशी खर्च मग ठिबकच्या एका बंडलाएवढा पण येत नाही. पायलटला पहिल्याच फोनवर विचारा, न हलणाऱ्या जागांवर फरक शून्य येतो का ते दाखवणार का. गोंधळला तर दुसरा शोधा. आमचा आता गोंधळत नाही, उलट नवीन गिऱ्हाइकांना तोच आधी विहिरीच्या कठड्याची गोष्ट सांगतो म्हणे, नाव न घेता.

स्टार कापले ते पहिल्या वेळचे ठोकळे न लावल्याबद्दल आणि हद्दीवर कापलेल्या रिपोर्टबद्दल. वागणूक, वेळ पाळणं आणि चूक निस्तरणं ह्याला पूर्ण.

पुढचं उड्डाण ह्या मे मध्ये ठरलंय. काल पायलटचा मेसेज होता, “सर ठोकळे जाग्यावर आहेत ना, फोटो पाठवा.” गेलो बघायला, चार नंबरच्या ठोकळ्याला कोणीतरी शेळी बांधलीये आणि तिने ओढून ओढून तो बोटभर तिरका केलाय. तो आता नव्याने मोजावा लागणार, त्याचे पैसे कोणी द्यायचे ह्यावर सध्या चर्चा चालू आहे.